बंदी उठल्यानंतर

भारत आणि पाकिस्तान या दोन्ही राष्ट्रांना शस्त्रे विकण्यावर अमेरिकेने घातलेली बंदी २४ फेब्रुवारी १९७५ रोजी उठली, तेव्हा त्या निर्णयाला तोंड देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडली ते परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण हेच दहा वर्षांपूर्वी, ती बंदी लागू झाली त्या समयी, संरक्षणमंत्री होते. त्यामुळे या प्रकरणाच्या आरंभी आणि अखेरी एकच मराठी पुरुष उभा असलेला दिसतो.

बंदीचे मूळ १९५४ च्या अमेरिका-पाकिस्तान करारात आहे. त्या कराराखाली पाकिस्तानला मिळणारी शस्त्रे भारताविरुद्ध आक्रमणासाठी वापरू दिली जाणार नाहीत, असे आश्वासन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना लेखी दिले होते. परंतु १९६५ च्या सप्टेंबरात, भारत-पाकिस्तान युद्धात, खेमकरणच्या रणभूमीवर पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन रणगाडे उतरले आणि त्या आश्वासनाची किंमत कळून चुकली. वॉशिंग्टनने त्याच महिन्यात दोन्ही पक्षांचा लष्करी पुरवठा सरसकट थांबवला. वरकरणी समदृष्टीचा वाटणारा हा हुकूम परिणामी पाकिस्तानला अधिक जाचक ठरला, कारण त्याचे सैन्य अमेरिकन साहित्यावर पोसलेले होते, तर भारताला स्वतःच्या आयुधनिर्माणींचा आणि सोव्हिएत पुरवठ्याचा आधार होता. साहजिकच सवलतींचा तगादा इस्लामाबादेकडून अखंड चालू राहिला आणि त्याला यशही येत गेले: १९६७ मध्ये सुट्या भागांच्या रोख विक्रीस मुभा मिळाली, आणि १९७० मध्ये 'केवळ एकदाच' म्हणून जो अपवाद करण्यात आला त्यात तीनशे चिलखती सैन्यवाहक गाड्यांचा समावेश होता.

या साऱ्या कालखंडात अत्यंत बोधप्रद प्रसंग १९७१ च्या जूनमधला होय. पूर्व बंगालात २५ मार्चपासून संहार सुरू होता, निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडत होते, आणि पाकिस्तानकडे शस्त्रे जात नाहीत अशा समजुतीत दिल्ली होती. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग वॉशिंग्टनची भेट आटोपून परतत नाहीत तोच, 'पद्मा' नावाचे जहाज लष्करी सामान घेऊन न्यूयॉर्कहून कराचीकडे निघत असल्याचे वृत्त तेथील वृत्तपत्राने प्रसिद्ध केले. यावर खुलासा आला तो असा, की २५ मार्चपूर्वी दिलेले परवाने कायम आहेत, मनाई आहे ती नव्या परवान्यांना! ते जुने परवाने रद्द व्हायला नोव्हेंबर उजाडला. मंत्र्याने मंत्र्याला दिलेल्या शब्दापेक्षा कारकुनाच्या दप्तरातील परवान्याची तारीख बलवत्तर ठरावी, ही गोष्ट भारताच्या जिव्हारी लागली, आणि ती लागणे रास्तच होते.

१९७५ चा आघात म्हणूनच अनपेक्षित नसला तरी कटू होता. अवघ्या चार महिन्यांपूर्वी, १९७४ च्या ऑक्टोबरात, चव्हाण आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी दिल्लीत भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या होत्या. आता विक्री रोखीने होईल, प्रत्येक मागणीचा स्वतंत्र विचार होईल, असे सांगितले गेले. १९७१ च्या युद्धानंतर सिमला कराराने भारत-पाकिस्तानांत सुरू झालेल्या सलोख्याला यामुळे बाध येईल, ही भारताची हरकत होती. भारताचे अमेरिकेतील राजदूत टी. एन. कौल यांनी उघड टीका केली आणि वॉशिंग्टनची नाराजी ओढवून घेतली. चव्हाणांनी संसदेत खेद व्यक्त केला, आपला नियोजित अमेरिका-दौरा पुढे ढकलला, परंतु आयोग मोडला नाही, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच्या बैठकीसाठी ते वॉशिंग्टनला गेले. हा संयम कित्येकांना मवाळपणा वाटला असेल. माझ्या मते तोच योग्य मार्ग होता, कारण सरसकट बंदी गेल्यावर प्रत्येक मागणीच्या वेळी आपले म्हणणे मांडावे लागणार होते, आणि त्यासाठी दार उघडे असणे अवश्य होते.

पुढील घटनांनी याला पुष्टीच दिली. १९७६ च्या शस्त्रनिर्यात नियंत्रण कायद्याने मोठ्या विक्रीची आगाऊ सूचना काँग्रेसला देणे बंधनकारक केले. पाकिस्तानला एकशे दहा ए-७ विमाने हवी होती. फ्रान्सकडून घ्यावयाच्या अणुइंधन-पुनर्प्रक्रिया प्रकल्पाचा नाद सोडल्यास ती मिळतील, असे किसिंजर यांनी सुचविले, आणि पाकिस्तानचे पंतप्रधान भुट्टो यांनी तो सोडला नाही. १९७७ मध्ये कार्टर प्रशासनाने ती विक्री नाकारली. मात्र सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्यानंतर, १९८१ मध्ये, त्याच वॉशिंग्टनने पाकिस्तानला चाळीस एफ-१६ विमाने देण्याचे मान्य केले.