लिटरभर तेलाचा हिशेब
शेजाऱ्यांच्या मोटारीचे तेल दहा हजार किलोमीटरला बदलतात, मग आपल्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीला घाई कसली, असा हिशेब करून मी गाडी तशीच पळवली. खंबाटकीच्या घाटात इंजिन जाम झाले!

मिस्त्रींनी तेल काढले. काळेभोर, आणि तेही पेलाभरच.

"साहेब, मोटारीत तेल तीन-चार लिटर, यात जेमतेम लिटरभर. काजळी मुरायची ती तेवढ्यातच. गिअर आणि क्लचलाही तेच तेल. त्यातून निम्मे जळाले, तर उरलेल्यावर दुप्पट भार!"

"मग जास्तच भरू का?"

"छे! वरच्या खुणेपलीकडे गेले की फेस येतो; फेसाने वंगण होत नाही."

दुरुस्तीत घरची दिवाळीची खरेदी गेली. आता पुस्तिकेतले अंतर पाळतो आणि दर रविवारी पट्टी पुसून तेल पाहतो. वाचकहो, किलोमीटर मोजाच. पण तेल किती उरले, तेही मोजा!