नवा चाकू, कच्ची धार : डोळे भरण्याआधी दगडावर घ्या

डोळे भरायचा नवा चाकू दुकानातून आणायचा, डबीतून काढायचा आणि थेट झाडाला लावायचा, असं आपल्यापैकी बरेचजण करतात. मीही केलं होतं. त्याची किंमत एका शेतकऱ्याने मोजली, म्हणून हे लिहीत आहे.

2014 च्या जुलैतली गोष्ट. नोकरीत मी नवीन होतो. एका गावात बांधावरच्या गावठी बोरींवर उमराणचे डोळे भरायचं ठरलं. शेतकऱ्याने माझ्या शब्दावर उन्हाळ्यात बोरी बुडाजवळ छाटल्या. पावसाबरोबर पेन्सिलीच्या जाडीचे जोमदार फुटवे आले. चाकू कोरा करकरीत होता. दोन दिवसांत 60 डोळे भरले. वीसेक दिवसांनी पाहिलं तर 14 हिरवे, बाकी काळे पडून वाळलेले. शेतकरी रागावला नाही. "साहेब, छाटलं नसतं तर पोरांनी गावठी बोरं तरी खाल्ली असती," एवढंच म्हणाला. ते बोलणं माझ्या चांगलंच लागलं.

डोळाकाडी ताजी होती, फुटव्यांची साल सुटत होती, पट्टीही घट्ट होती. मग चूक कुठे झाली? वाळलेला एक डोळा काढून पाहिला. कापाच्या कडा चिंध्या झाल्यासारख्या होत्या.

धारेचा आणि कलमाचा संबंध

साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक ओलसर, अगदी पातळ थर असतो. खुंटाचा आणि डोळ्याचा हा थर एकमेकांना भिडला तरच सांधा धरतो. बोथट चाकू हा थर कापत नाही, चिरडतो. चिरडलेला भाग काळा पडतो, त्यात बुरशी शिरते आणि डोळा मरतो.

पण नवा चाकू बोथट कसा? कारखान्यात पातं वेगाने फिरणाऱ्या चाकावर घासतात. त्याने धार दिसते चकचकीत, पण तिच्यावर बारीक रेघा राहतात. कडेला केसासारखा पातळ पत्रा एका बाजूला वळलेला असतो. दोन-चार काप बरे होतात, मग तो पत्रा दुमडतो आणि चाकू साल ओढू लागतो.

मी त्यावर आणखी एक चूक केली. सायकलवर सहाण घेऊन फिरणाऱ्याकडून चाकू पाजवून घेतला. ठिणग्या उडाल्या आणि टोक निळसर झालं. पोलाद तापून निळं झालं की त्याचं पाणी उतरतं, पुढे धार टिकत नाही. तो चाकू वाया गेला.

वस्तऱ्याची शाळा

दुसरा चाकू घेऊन मी त्याच गावातल्या एका वृद्ध नाभिक कारागिराकडे गेलो. आता दुकानांतून पातं बदलायचे वस्तरे आलेत, ते आरोग्याच्या दृष्टीने बरंच झालं. पण म्हाताऱ्यांची उमर अखंड पात्याच्या वस्तऱ्यावर गेलेली. त्यांनी धार उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, "सायेब, ह्यो कारखान्यात झालाय, अजून कामाला न्हाई झाला. नवा वस्तरा आम्ही तसाच कुणाच्या गालाला लावत नव्हतो."

धोकटीतून जुना वस्तरा काढून त्यांनी करून दाखवलं. बारीक पोताचा दगड पाण्याने भिजवला. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, धार पुढे ठेवून हलक्या हाताने सरकवला. मग पाठीवर उलटून दुसरी बाजू. जोर अजिबात नाही. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, पण इथे पाठ पुढे आणि धार मागे. धार पुढे केली तर पट्टाच कापतो. हातावरचा केस टेकताच तुटला, तेव्हा ते थांबले.

चाकूसाठी काय करावं

वस्तरा दोन्ही बाजूंनी सारखा असतो. डोळे भरायचे चाकू बहुधा एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतार दिलेले असतात. म्हणून थोडा फरक आहे.

1. चाकूचं तेल पुसा. धार उजेडात धरा. जिथे चमकती रेघ किंवा ठिपका दिसेल, तिथे ती बोथट आहे.

2. साधारण 1000 नंबरचा बारीक दगड घ्या. दगड सपाट हवा, मध्ये खोलगट झालेला नको. नव्या चाकूला खरबरीत बाजू लावू नका.

3. उताराची बाजू दगडावर पूर्ण टेकवा आणि धार पुढे ठेवून सरकवा. 15-20 वेळा झालं की सपाट बाजूने अंगठा धारेकडून बाहेर फिरवा, धारेवरून लांबीने नको. टोकापासून मुठीपर्यंत बारीक खरखर लागली की पुरे.

4. आता सपाट बाजू पूर्ण आडवी टेकवून दोन-तीन हलके हात द्या. पाठ उचलू नका. उचलली की सपाटपणा जातो आणि पुढे काप सरळ येत नाही.

5. जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर, पाठ पुढे ठेवून, दोन्ही बाजूंनी 20-25 वेळा ओढा.

6. त्याच झाडाच्या कोवळ्या काडीवर तिरका काप घ्या. एका ओढीत गुळगुळीत, ओला, बिनरेघेचा काप आला तर चाकू तयार. नाही तर पुन्हा दगडावर घ्या.

काम चालू असताना चीक पुसत राहा. झाड बदलताना पातं स्पिरिटने पुसा. ओढ जाणवली की थोडं पट्ट्यावर घ्या. या चाकूने सुतळी किंवा प्लॅस्टिक कापू नका. संध्याकाळी कोरडा करून तेलाचं बोट फिरवून ठेवा.

पुढच्या जुलैत त्याच शेतकऱ्याने पुन्हा फुटवे राखले. 50 डोळे भरले, 41 धरले. सगळं श्रेय धारेला देणार नाही, वर्षभरात हातही बसला होता. पण कापाच्या कडा या वेळी स्वच्छ होत्या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. डोळे भरण्याचं प्रशिक्षण ठेवाल, तेव्हा पहिला तास धारेला द्या आणि गावात असा जुना कारागीर असेल तर त्याला मानाने बोलवा. शेतकरी बंधूंनी मृगाआधीच चाकू दगडावर घेऊन ठेवावेत. हंगाम उभा राहिल्यावर दगड शोधत बसायला वेळ नसतो.