समुद्रपर्यटनाला निघताना : जहाज एक, सीमा अनेक

गेल्या काही वर्षांत भारतीय पर्यटकांची पावले सागरी पर्यटनाकडे वळू लागली आहेत. सिंगापूरहून निघून मलेशिया व थायलंडला भेट देणारी छोटी सहल असो, भूमध्य समुद्रातील आठवड्याचा प्रवास असो वा अलास्कातील हिमनद्यांचे दर्शन असो, अनेक कुटुंबे निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून किंवा वर्षानुवर्षांच्या बचतीतून असे स्वप्न साकार करतात. सामान एकदाच उघडायचे, मुक्कामाची खोली बदलायची नाही आणि रोज सकाळी नवे बंदर पाहायचे, ही या प्रवासाची मोहिनी आहे. तथापि, हीच सोय एका महत्त्वाच्या गोष्टीचा विसर पाडते. खोली बदलत नसली, तरी देश बदलत असतो. कागदपत्रांतील एखाद्या उणिवेमुळे प्रवाशाला जहाजावर प्रवेश नाकारला गेला, तर भाड्याची रक्कम सहसा परत मिळत नाही. म्हणूनच पैसे भरण्यापूर्वी इमिग्रेशनचे नियम समजून घेणे हिताचे ठरते.

प्रत्येक बंदर ही एक सीमा

विमानाने जाणारा प्रवासी बहुधा एका देशातून निघतो आणि दुसऱ्या देशात उतरतो. क्रूझ जहाज मात्र आठवडाभरात तीन-चार देशांच्या बंदरांना लागते. जहाजाची नोंदणी बहामा किंवा पनामा यांसारख्या देशात झालेली असली, तरी बंदरात शिरताच त्या बंदराच्या देशाचा इमिग्रेशन कायदा लागू होतो.

जहाज धक्क्याला लागण्यापूर्वीच प्रवाशांची माहिती तेथे पोहोचलेली असते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या छत्राखाली १९६५ मध्ये झालेल्या करारान्वये प्रवाशांच्या यादीचा नमुना ठरवून देण्यात आला असून, १ जानेवारी २०२४ पासून अशी माहिती 'एक खिडकी' पद्धतीने संगणकाद्वारे देणे सदस्य राष्ट्रांत बंधनकारक झाले आहे. अमेरिकेच्या बंदरात येणाऱ्या जहाजाला तर सर्वसाधारणपणे ९६ तास आधी आगमनाची सूचना द्यावी लागते. योग्य कागदपत्रांविना प्रवासी आणल्यास अनेक देशांत वाहतूक कंपनीलाच दंड होतो. भारतातही २००० मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला होता. १ सप्टेंबर २०२५ पासून त्याची जागा 'इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५' याने घेतली आहे. साहजिकच प्रवाशाची पहिली आणि सर्वांत कडक तपासणी सरकारी अधिकारी नव्हे, तर जहाज कंपनीचे कर्मचारी करतात.

"त्या बंदरावर उतरायचेच नाही, मग व्हिसा कशाला?" असा प्रश्न अनेक प्रवासी विचारतात. वरकरणी तो रास्त वाटतो. परंतु प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला, तर त्याला जवळच्या बंदरातील रुग्णालयात हलवावे लागते आणि जहाज पुढे निघून जाते. वेळेत न परतलेल्या प्रवाशासाठीही जहाज थांबत नाही. अशा वेळी तो प्रवासी त्या देशात एकटा उरतो आणि त्याच्याजवळ तेथे राहण्याचा अधिकार असावा लागतो. या कारणास्तव कंपन्या वेळापत्रकातील सर्व देशांची कागदपत्रे आरंभीच मागतात.

व्हिसा, प्रवासपरवाना आणि आगमनपत्र

या तीन शब्दांची गल्लत वारंवार होते. व्हिसा म्हणजे अर्ज, मुलाखत किंवा बोटांचे ठसे यांची छाननी करून दिलेली अनुमती. इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवाना ही बहुतांशी व्हिसातून सूट मिळालेल्या नागरिकांची, प्रवासापूर्वी संगणकाद्वारे होणारी पूर्वतपासणी होय. अमेरिकेने १२ जानेवारी २००९ पासून 'एस्टा' या नावाने ती सक्तीची केली. ब्रिटनने २०२३ मध्ये आपली 'ईटीए' पद्धत सुरू केली. भारतीय पासपोर्टधारकांना या दोन्हींचा उपयोग नाही. त्यांना तेथे पूर्ण व्हिसाच लागतो. श्रीलंकेने मात्र जानेवारी २०१२ पासून भारतीयांसह परदेशी पर्यटकांसाठी 'ईटीए' लागू केली. चेन्नईहून श्रीलंकेच्या बंदरांकडे जाणाऱ्या प्रवाशांनी हे ध्यानी ठेवावे.

तिसरा प्रकार डिजिटल आगमनपत्राचा. पूर्वी विमानात वा जहाजावर भरावयाच्या कागदी पत्राची जागा त्याने घेतली आहे. सिंगापूरला ते आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावे लागते. थायलंडने १ मे २०२५ पासून हवाई, भू आणि सागरी अशा तिन्ही मार्गांनी येणाऱ्या परदेशी नागरिकांसाठी ते सुरू केले. हे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. या दोन्ही देशांच्या अधिकृत संकेतस्थळांवर ते विनामूल्य भरता येते. त्यासाठी शुल्क आकारणाऱ्या मिळत्याजुळत्या नावांच्या संकेतस्थळांपासून ग्राहकांनी सावध राहावे.

प्रवासाच्या साधनानुसारही नियम बदलतात. कॅनडाचा इलेक्ट्रॉनिक परवाना केवळ विमानाने येणाऱ्यांना लागू आहे. न्यूझीलंडने १ ऑक्टोबर २०१९ पासून सुरू केलेला परवाना मात्र क्रूझने येऊन क्रूझनेच परतणाऱ्या कोणत्याही देशाच्या प्रवाशाला मागता येतो. तोच भारतीय प्रवासी जहाज पकडण्यासाठी विमानाने ऑकलंडला उतरणार असेल, तर त्याला व्हिसा घ्यावा लागतो.

अलास्का : काही तासांचा परदेश

सिॲटलहून निघणारी अलास्काची सहल अमेरिकेतच सुरू होते आणि अमेरिकेतच संपते. त्यामुळे अमेरिकेचा व्हिसा पुरेसा आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतील १८८६ च्या एका कायद्यानुसार परदेशी ध्वजाच्या जहाजांना केवळ अमेरिकी बंदरांदरम्यान प्रवासी वाहून नेण्यास मनाई आहे. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाची असल्यामुळे त्यांना वाटेत एका तरी परदेशी बंदराला लागावे लागते. म्हणून ती कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरात, अनेकदा संध्याकाळच्या काही तासांपुरती, थांबतात. २०२१ मध्ये महासाथीमुळे कॅनडाने आपली बंदरे क्रूझसाठी बंद ठेवली, तेव्हा अलास्काच्या सहली सुरू करण्यासाठी अमेरिकेला तात्पुरती सवलत देणारा वेगळा कायदा करावा लागला होता.

या काही तासांच्या थांब्यामुळे भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचाही व्हिसा जवळ ठेवावा लागतो. परतताना अमेरिकेत नव्याने प्रवेश होत असल्यामुळे अमेरिकेचा व्हिसाही एकाहून अधिक प्रवेशांची मुभा देणारा हवा.

भूमध्य समुद्र : आत, बाहेर आणि पुन्हा आत

युरोपातील २९ देशांनी मिळून शेंगेन क्षेत्र बनले आहे. एकाच व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते आणि जहाजाची सर्व बंदरे याच क्षेत्रात असतील, तर बंदरागणिक पासपोर्ट तपासणी होत नाही. अडचण उद्भवते ती जहाज क्षेत्राबाहेर जाते तेव्हा. उदाहरणार्थ, इटलीतून निघालेले जहाज क्रोएशियातील डुब्रोव्हनिक, मॉन्टेनेग्रोतील कोटोर आणि ग्रीसमधील कॉर्फू अशी बंदरे घेते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, मॉन्टेनेग्रो नाही. म्हणजे कोटोरला जहाज क्षेत्राबाहेर पडले आणि कॉर्फूला पुन्हा आत आले. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतलेल्या प्रवाशाचा हक्क कोटोरलाच संपतो. अथेन्सहून तुर्कस्तानातील कुशादासीला जाऊन परतणाऱ्या सहलीतही हेच घडते. अशा प्रवासासाठी अर्जातच 'मल्टिपल एंट्री' व्हिसाची मागणी करून सोबत जहाजाचे बंदरवार वेळापत्रक जोडावे.

हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. ज्या देशात अधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर शिक्क्यांऐवजी चेहरा व बोटांचे ठसे यांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे १८० दिवसांत ९० दिवसांच्या मर्यादेचे उल्लंघन यापुढे नजरेआड होणे कठीण आहे.

सिंगापूरहून पेनांग अथवा फुकेत करून परतणाऱ्या सहलीतही सिंगापूरमधील प्रवेश दोनदा होतो. पहिला विमानतळावर, दुसरा क्रूझ टर्मिनलवर.

एक कुटुंब, निरनिराळे पासपोर्ट

परदेशी स्थायिक झालेली मुले आईवडिलांना क्रूझवर नेतात, तेव्हा गुंतागुंत वाढते. अलास्काच्या सहलीत अमेरिकी नागरिक असलेल्या नातवाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. ग्रीन कार्डधारक मुलीला भारतीय पासपोर्टसोबत ते कार्ड दाखवून प्रवेश मिळतो. 'एच-१बी' व्हिसावर नोकरी करणाऱ्या जावयाला आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मात्र कॅनडाचा व्हिसा घ्यावाच लागतो. एका तिकिटावर नावे असली, तरी प्रत्येकाची कागदपत्रे स्वतंत्रपणे तपासली जातात, हे विसरू नये.

परदेशी पासपोर्ट असलेले नातलग जहाजाने भारतात येणार असतील, तर त्यांच्याजवळ ओसीआय कार्ड किंवा व्हिसा असावा. मुंबई, मुरगाव, कोची, नवमंगळूर व चेन्नई या बंदरांवर ई-व्हिसाने प्रवेश करता येतो.

आर्थिक पूर्वतयारी

व्हिसा अर्जासोबत बँकेचे खातेउतारे मागितले जातात. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक जमा झालेल्या मोठ्या रकमेमुळे शंका उपस्थित होते. नियमित व्यवहार असलेले खाते अधिक विश्वासार्ह ठरते. मुदत ठेव मोडण्याऐवजी तिची प्रमाणपत्रेही पुरावा म्हणून जोडता येतात. उदारीकृत विप्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. रोख परकीय चलनाची मर्यादा सर्वसाधारणपणे प्रत्येक भेटीस ३,००० डॉलर आहे.

जहाजावरील खर्च बहुधा प्रवाशाच्या कार्डाशी जोडलेल्या खात्यात नोंदविला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नव्या कार्डावरील परदेशी व्यवहाराची सुविधा ग्राहकाने स्वतः सुरू करावी लागते. निघण्यापूर्वी हे काम शाखेतून अथवा ॲपवरून पूर्ण करावे. वैद्यकीय कारणास्तव जहाजावरून हलविण्याचा खर्च अंतर्भूत असलेला प्रवास विमा घेणेही आवश्यक आहे, कारण समुद्रातून रुग्ण हलविणे अत्यंत खर्चिक असते.

नोंदणीपूर्वीचा अर्धा तास

सागरी सहलीची जाहिरात पाहिल्यानंतर प्रथम सर्व बंदरांची नावे क्रमाने कागदावर लिहून काढावीत. प्रत्येक नावापुढे देश, कुटुंबातील प्रत्येक पासपोर्टला लागणारी अनुमती आणि प्रवेशांची संख्या नोंदवावी. विमान बदलण्याचे ठिकाण आणि परतीचे बंदरही या यादीत धरावे. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक आहे ना, हे पाहावे. नियम वारंवार बदलत असल्यामुळे संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावरून आणि जहाज कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. प्रवासी एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. व्हिसा हाती येण्यापूर्वी नोंदणी करणे अपरिहार्यच असेल, तर रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे आधी विचारून घ्यावे. या अर्ध्या तासाच्या नोंदीवर अनेक वर्षांच्या बचतीची सुरक्षितता अवलंबून असते.