तीस डिशांचा कारभार

खोडदला गेलेला माणूस डिश पाहून परततो. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांच्या आणि टोमॅटोच्या शेतांमधून ४५ मीटर व्यासाचा तारांचा सांगाडा उभा राहिलेला दिसला की दुसरीकडे लक्ष जाणं कठीणच. अशा तीस डिश आहेत. चौदा मध्यभागी, साधारण एक किलोमीटरच्या चौकोनात. उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, गावोगावच्या शिवारात. दोन टोकांच्या डिशांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं. ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. पुण्याचं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, एनसीआरए, ती चालवतं आणि हे केंद्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे.

डिशांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यांना हुकूम देणाऱ्या आणि त्यांची खबर घेणाऱ्या यंत्रणेबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही. माझ्या मते गेल्या दहा-पंधरा वर्षांतलं खोडदचं एक मोठं काम तिथेच झालं आहे.

दुर्बीण चालवायची म्हणजे काय करायचं? पृथ्वी फिरते, त्यामुळे आकाशातला स्रोत सरकत राहतो, आणि तीसही डिशांनी तो एकाच वेळी, एकाच नेमाने धरून ठेवायचा असतो. प्रत्येक डिशला दोन अक्ष आहेत, त्यांवर मोटारी आहेत. डिशच्या नाभीपाशी वेगवेगळ्या तरंगलांबीचे ग्राहक बसवलेला फिरता मनोरा आहे. कुठली लांबी ऐकायची त्यानुसार तो फिरवावा लागतो. ग्राहकाने पकडलेला क्षीण संदेश वाढवला जातो, लेसरवर स्वार होऊन ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो. या वाटेवरच्या प्रत्येक टप्प्याला काही ना काही सांगावं लागतं: इतका वाढव, इतका दाब, ही वारंवारता धर. आणि प्रत्येकाकडून उत्तरही हवं असतं. मोटार किती करंट घेते आहे? लेसर मंदावला का? वारा किती आहे? ताशी ४० किलोमीटरच्या पुढे वारा गेला की निरीक्षण थांबवून डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या कराव्या लागतात. २५ किलोमीटरच्या पसाऱ्यातल्या तीसही डिशांकडे माणूस धावत जाऊ शकत नाही. नियंत्रण कक्षात बसलेल्या ऑपरेटरला पडद्यावर जे दिसतं, तेवढंच त्याचं ज्ञान.

ही गरज कणभौतिकीवाल्यांनाही ठाऊक आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सीएमएस नावाचा प्रचंड शोधक जमिनीखाली सुमारे शंभर मीटरवर बसवला आहे. त्याचा एक भाग, बाहेरच्या बाजूचा हॅड्रॉन कॅलरीमीटर, याच टाटा संस्थेच्या कुलाब्यातल्या शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी उभा केला. तिथे प्रोटॉनच्या टकरींची माहिती हा एक प्रवाह. दुसरा प्रवाह शोधकाच्या स्वतःच्या तब्येतीचा: व्होल्टेज, तापमान, वायूचं मिश्रण. या दुसऱ्या प्रवाहाला त्या क्षेत्रात ‘स्लो कंट्रोल’ म्हणतात. नाव संथ असलं तरी त्यावाचून पहिल्या प्रवाहावर विश्वास ठेवता येत नाही. सीएमएसच्या त्या बाहेरच्या भागातले जुने प्रकाशसंवेदक भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात नीट चालत नव्हते, म्हणून २०१३-१४ च्या मोठ्या विश्रामकाळात तिथे सिलिकॉनचे नवे संवेदक बसवले गेले. नवे संवेदक चांगले, पण तापमान जरा हललं की त्यांचं मोजमाप हलतं. म्हणून त्यांच्याबरोबर तापमान राखण्याची आणि त्यावर नजर ठेवण्याची व्यवस्थाही आली. प्रयोगाचा डोळा बदलला की राखणही बदलावी लागते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

खोडदमध्येही तेच घडलं, पण धावत्या दुर्बिणीवर.

जीएमआरटीची कल्पना गोविंद स्वरूप यांची. होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते १९६३ साली टाटा संस्थेत आले, कल्याणला छोट्या डिशांची पहिली दुर्बीण उभारली, मग १९७० साली उटीची. जीएमआरटीचं काम ऐंशीच्या दशकात आखलं गेलं, नव्वदच्या दशकात बांधलं गेलं आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण देशाला अर्पण झाली. म्हणजे तिची नियंत्रण यंत्रणा त्या काळात जे हाताशी होतं त्यातून घडली. प्रत्येक डिशच्या पायथ्याशी एक संगणक, त्याच्या हाताखाली वेगवेगळी कामं पाहणारी छोटी नियंत्रक कार्डं, आणि या सगळ्यांत इंटेलच्या ८०८६ व ८०५१ घराण्यातल्या चिप. मध्यवर्ती संगणक एकेका डिशला विचारणार, डिश उत्तर देणार. बरीचशी उपकरणं संस्थेच्या अभियंत्यांनी स्वतः आखलेली, कारण बाजारात तशी मिळतच नव्हती. त्या यंत्रणेने दोन दशकांच्या आसपास निरीक्षणं करून दिली. तिच्याबद्दल आदरच वाटतो.

तरीही ती बदलणं भाग होतं. दुर्बिणीचं पोलाद चाळीस-पन्नास वर्षं टिकतं, गंजलं तर रंगवता येतं, तुटलं तर जोडता येतं. चिपचं तसं नाही. कारखान्याने ती बनवणं बंद केलं की साठ्यातले सुटे भाग संपेपर्यंतच तिचं आयुष्य. त्याहून अवघड म्हणजे ती चिप चालवणारी भाषा आणि ती भाषा जाणणारा माणूस. असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या वहीतल्या नोंदींवर काम चालवावं लागतं. मोठी वैज्ञानिक यंत्रं म्हातारी होतात ती अशी, आतून. बाहेरून बघणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

दुसरं कारण अधिक आनंदाचं. दुर्बीणच मोठी व्हायची होती. जुन्या जीएमआरटीला ठरावीक पाचच पट्ट्यांत आणि एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचं ऐकू येत असे. अपग्रेडमध्ये १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झचा बहुतेक सगळा पल्ला चार रुंद पट्ट्यांत आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत, असं ठरलं. नवे ग्राहक, नवे प्रवर्धक, नवा फायबर, ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारा नवा सहसंबंधक. इतक्या नव्या भागांचा कारभार जुन्या संथ तारेवरून झेपणार नव्हता. मग डिशपर्यंत इथरनेट नेलं गेलं, नियंत्रक कार्डांत नवे मायक्रोकंट्रोलर आले, मोटारी हाकणारे संगणक बदलले, आणि ब्रश झिजणाऱ्या जुन्या मोटारींच्या जागी ब्रशविना चालणाऱ्या मोटारी बसू लागल्या.

या कामातली एक अडचण केवळ रेडिओ दुर्बिणीलाच भोगावी लागते. नवा संगणक जितका वेगवान, तितका त्याचा रेडिओ गोंगाट जास्त. आणि हा गोंगाट नेमका त्याच मेगाहर्ट्‌झमध्ये, जिथे दुर्बीण कोट्यवधी प्रकाशवर्षं दूरची कुजबुज ऐकायला बसलेली असते. डिशच्या पायथ्याशी ठेवलेला साधा नेटवर्क स्विचही दीर्घिकेपेक्षा मोठ्याने बोलतो. म्हणून प्रत्येक नवं उपकरण आधी प्रयोगशाळेत त्याचा गोंगाट मोजून, मग धातूच्या बंदिस्त, कडा शिवलेल्या पेटीत घालून बसवावं लागतं. पेटी बंद केली की आतली उष्णता बाहेर काढायचा प्रश्न उभा राहतो. हवेला वाट हवी, रेडिओ लहरींना नको. ज्यांनी हे गणित तीस वेळा, तीस जागी, पावसात आणि उन्हात सोडवलं, त्यांची नावं शोधनिबंधाच्या मथळ्यात येत नाहीत. ती यायला हवीत.

सॉफ्टवेअरची गोष्ट आणखी वेगळी. ते मुळापासून स्वतः लिहिण्याऐवजी एनसीआरएने टँगो नावाची मुक्त चौकट घेतली. टँगोचा जन्म फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या युरोपीय सिंक्रोट्रॉनमध्ये झाला. इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या त्वरकाला सांभाळण्यासाठी ती बनली आणि पुढे युरोपातल्या अनेक त्वरकांवर पसरली. तिची रीत सरळ आहे. मोटार असो, लेसर असो की वाऱ्याचा मापक, प्रत्येक वस्तू टँगोच्या लेखी एक ‘डिव्हाइस’. तिला काही गुण असतात, ती काही आज्ञा पाळते, आणि ती कुठल्या स्थितीत आहे हे स्वतःहून कळवते: चालू, बंद, हलते आहे, धोका, बिघाड. मध्यवर्ती संगणकाने सारखं विचारत बसायची गरज उरत नाही. पुण्यातल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा संशोधन विभाग आणि पर्सिस्टंट सिस्टम्स या कामात एनसीआरएबरोबर होते. प्रत्येक उपकरणासाठी नवा प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी उपकरणाचं नेमकं वर्णन लिहायचं आणि त्यावरून नियंत्रण उभं करायचं, ही त्यांची दिशा होती. मला ती फार शहाणपणाची वाटते. माणूस गेला तरी वर्णन मागे राहतं.

हे सगळं करताना दुर्बीण बंद ठेवली नाही. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ वर्षातून दोनदा वेळेसाठी अर्ज करतात आणि मागणी उपलब्ध तासांपेक्षा जास्त असते; दोन-तीन वर्षं कुलूप लावणं परवडणारं नव्हतं. जुनी आणि नवी यंत्रणा शेजारी शेजारी राहिली आणि डिश टप्प्याटप्प्याने बदलत गेल्या. बदल चालू असतानाच, १९ ऑक्टोबर २०१६ रोजी, युरोपीय अंतराळ संस्थेचं शियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा अगदी दुबळा संदेश खोडदच्या डिशांनी टिपला, आणि तो मध्येच तुटलेलाही त्यांनी टिपला. जून २०२३ मध्ये जगभरच्या पल्सार निरीक्षकांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या, त्यात अपग्रेड झालेल्या जीएमआरटीच्या नोंदी होत्या.

खोडदचा अनुभव पुढे सातासमुद्रापार गेला. ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहणाऱ्या स्क्वेअर किलोमीटर अॅरे या महादुर्बिणीचा ‘टेलिस्कोप मॅनेजर’ आखणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचं नेतृत्व एनसीआरएकडे होतं, आणि त्या दुर्बिणीनेही टँगोच निवडली. लाखाहून अधिक अँटेनांचा कारभार कसा चालवायचा, याचा सराव जुन्नरच्या शिवारात झाला.

हे मी जानेफळच्या आणि मेहकर तालुक्यातल्या शिक्षकांसाठी मुद्दाम लिहितो आहे. लोणारचं उल्काविवर आपल्या जिल्ह्यात असल्याने आकाशाचं कुतूहल आपल्या मुलांना नवं नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं, दुर्बीण सर्वांसाठी खुली असते आणि खेड्यापाड्यांतल्या शाळा तिथे आपले प्रयोग मांडतात. जानेफळहून जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर करत खोडदजवळच्या नारायणगावला पोहोचायचं म्हणजे तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास. एक मुक्काम धरावा लागेल. तेवढी तयारी करा. मुलांना डिश दाखवाच, पण तिथल्या अभियंत्यांना गाठून त्यांना हेही विचारायला लावा की ही डिश हलते कुणाच्या सांगण्यावरून.