लंडनमधला आपला दहा नंबर

मिरजगावच्या स्टँडवर नगरची एसटी पकडायची, तिथून पुणे, मग मुंबई, आणि पुढे नऊ-दहा तासांचा विमानप्रवास. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जाती आणि नवबौद्धांची मुले-मुली आज अशा वाटेने लंडनला शिकायला जाऊ शकतात. मग घरून फोन जातो. आई विचारते, "जेवतीस काय गं?" मामा विचारतो, "राणीचा वाडा पाहिलास का?"

राणी २०२२ साली वारली, आता राजा आहे. वाडा मात्र तिथेच आहे. तो जरूर पाहावा. बिग बेनचे टोल ऐकावेत. (बिग बेन हे खरे तर घंटेचे नाव, मनोऱ्याचे नव्हे!) टॉवर ऑफ लंडनमध्ये कोहिनूर आहे, पण त्याला तिकीट पडते. १८४९ साली पंजाबच्या दहा वर्षांच्या राजाकडून इंग्रजांनी तो हिरा घेतला, आणि तो पाहायला आज आपणच पैसे मोजायचे!

पर्यटक दहा नंबरचे घरही शोधतात. १०, डाउनिंग स्ट्रीट म्हणजे इंग्लंडच्या पंतप्रधानांचे निवासस्थान. १९८९ पासून त्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी फाटक आहे; बाहेरूनच मान उंचावून पाहायचे. आपला दहा नंबर वेगळा. १०, किंग हेन्रीज रोड. भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर चॉक फार्म स्टेशनला उतरले की पायी थोड्या मिनिटांवर हे घर आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब इथे राहत होते. भिंतीवर त्यांच्या नावाची गोल निळी पाटी आहे.

हे घर विक्रीला निघाले, तेव्हा इंग्लंडमधल्या आंबेडकरी बांधवांनी ते वाचवावे म्हणून धडपड केली. अखेर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक रक्कम देऊन ते विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले. पण एवढ्यावर भागले नाही. घराचे संग्रहालय करायला तिथल्या कॅम्डन नगर परिषदेने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. ही राहण्याची जागा आहे, असे परिषदेचे म्हणणे होते. गर्दी आणि आवाजाची शेजाऱ्यांची तक्रार होती. अपील झाले, सुनावणी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी मंजुरी दिली. परक्या देशात, परक्या कायद्यापुढे भांडून मिळवलेली ही वास्तू आहे. जाण्याआधी उघडी आहे ना, एवढी चौकशी मात्र करावी.

आईच्या प्रश्नाचे उत्तरही बाबासाहेबांच्या त्या लंडनमध्येच आहे. चरित्रकार सांगतात, सकाळी पावाचा तुकडा आणि चहा घेऊन ते बाहेर पडत. रात्री भूक अनावर झाली की मित्राने दिलेल्या पापडांतले दोन-चार भाजून खात आणि पुन्हा पुस्तक उघडत. शिक्षणासाठी काही पैसे त्यांनी प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले होते, काही शाहू महाराजांनी दिलेले, काही नवल भथेना या मित्राकडून उसने घेतलेले. इकडे परळच्या बी.आय.टी. चाळीत रमाईंचा संसार चालला होता. त्या ओढगस्तीशिवाय ह्या घराची गोष्ट पुरी होत नाही. तेव्हा पोरीच्या बॅगेत आईने पापड-कुरडया कोंबल्या, तर वजन वाढते म्हणून कुणी कुरकुर करू नये!

घर पाहून झाले की ब्रिटिश म्युझियम गाठावे. पायी पाऊण-एक तासाची वाट आहे. कायमची दालने पाहायला तिकीट नाही. मधोमध मोठ्या घुमटाचे गोल वाचनालय आहे, १८५७ साली उघडलेले. बाबासाहेब दिवसभर बसून वाचत ते हेच. तिथली पुस्तके आता सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत गेली आहेत, घुमट जागेवर आहे. जवळच ग्रेज इन आहे. तिथून बाबासाहेब १९२२ साली बॅरिस्टर झाले. २०२१ मध्ये तिथे त्यांचे तैलचित्र लावले गेले आणि एका खोलीला त्यांचे नाव देण्यात आले. पुढे चालत गेले की लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल १९२३ साली त्यांना डी.एस्सी. मिळाली ती इथल्या अभ्यासावर. तिथे त्यांचा अर्धपुतळा आहे. सेंट जेम्स राजवाडा बाहेरूनच पाहावा लागतो. १९३० साली गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन याच राजवाड्यात बसले होते.

पण ही धावपळ करण्याआधी म्युझियममधले ३३-अ क्रमांकाचे दालन चुकवू नये. तिथे अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे आहेत. ही अमरावती विदर्भातली नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची. १८४५ साली वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदकाम केले, शिल्पे मद्रासला नेली, आणि १८५९ साली त्यांतली पुष्कळशी लंडनला रवाना झाली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आपल्या पूर्वजांचे हे काम. कोहिनूरपुढे रांग लागते. माझ्या मते या दगडांपुढे लागायला हवी.

त्यांतल्या एका शिळेच्या दोन्ही बाजू कोरलेल्या आहेत. एका बाजूला भगवान बुद्ध उभे असलेला स्तूप आहे. दुसरी बाजू त्याहून जुनी. तिच्यावर बुद्धांची आकृतीच नाही. बोधिवृक्षाखाली रिकामे आसन, खाली पावलांच्या खुणा, आणि भोवती हात जोडलेली माणसे. म्युझियममध्ये स्वतःपुरते फोटो काढायला सहसा हरकत नसते. मामाला पाठवायचा फोटो त्या शिळेचा असावा.