एका देशाने परत पाठवलं, तर दुसऱ्या देशाचा व्हिसा मिळतो का?

माझं संशोधन स्थलांतराच्या कायद्यांवर आहे हे कळलं, की दर्यापुरात हा प्रश्न हमखास येतो: "एका देशानं हाकललं, तं दुसऱ्या देशाचा व्हिसा भेटते का?" उत्तर आहे: भेटू शकतो. पण अर्जात खोटं लिहिलं, तर साधं प्रकरण अवघड होऊन बसतं.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. अशा माणसावर अमेरिकेत परत जायला ठरावीक काळ बंदी असते. सीमेवर किंवा विमानतळावर अधिकाऱ्यानेच झटपट आदेश काढला असेल, तर सहसा ५ वर्षं. इमिग्रेशन न्यायाधीशाने आदेश दिला असेल, तर सहसा १०. दुसऱ्यांदा काढलं, तर २०. मुदतीआधी जायचं असेल तर 'आय-२१२' हा अर्ज करून परवानगी मागता येते, मिळेलच असं नाही.

इथे एक फरक लक्षात घ्या. विमानतळावरून परत आलेला प्रत्येक जण 'डिपोर्ट' झालेला नसतो. काहींना प्रवेशाची मागणी मागे घेऊ देतात, त्यांच्यावर ही ५ वर्षांची बंदी लागत नाही. म्हणून तोंडी आठवणीवर जाऊ नका, हातात दिलेला कागद वाचा. कागद हरवला असेल, तर अमेरिकेच्या माहिती अधिकार कायद्याखाली स्वतःची फाइल मागवता येते.

आता दुसऱ्या देशाकडे येऊ. अमेरिकेची बंदी कॅनडा किंवा ब्रिटनला बांधील नसते. पण त्यांच्या अर्जात विचारतातच: कुठल्याही देशाने कधी व्हिसा नाकारला, प्रवेश नाकारला, बाहेर काढलं का? 'हो' लिहिलं म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. अधिकारी बघतो की ते कधी घडलं, का घडलं, तेव्हापासून परिस्थितीत काय बदललं आणि हा माणूस मुदतीत परत येईल का.

एजंट मात्र सांगतात, "नवा पासपोर्ट काढा अन् 'नाही' लिहा." पासपोर्ट बदलतो, बोटांचे ठसे बदलत नाहीत. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे देश ठशांची माहिती एकमेकांशी पडताळतात. आपल्या पासपोर्टच्या अर्जातही विचारलेलं असतं, की तुम्ही कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर भारतात परतलात का, डिपोर्ट झालात का.

खोटं पकडलं गेलं तर कॅनडा ५ वर्षं बंदी घालतो. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी ती १० वर्षांपर्यंत जाते. अमेरिकेत मुद्दाम दिलेल्या खोट्या माहितीची अपात्रता आयुष्यभराची असते, खास सूट मिळाली तरच सुटका. म्हणजे ५ वर्षांची गोष्ट लपवायला गेलेला माणूस जन्मभराची अडचण ओढवून घेऊ शकतो. आणि "फॉर्म एजंटानं भरला" हे कारण सहसा चालत नाही, कारण अर्ज तुमच्या नावाचा असतो.

तेव्हा वावर गहाण ठेवून एजंटाला पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा: आदेशाचा कागद शोधा, त्यावरची तारीख आणि कलम बघा, आणि काय घडलं ते अर्धा पान सरळ लिहून अर्जाला जोडा. प्रकरण गुंतागुंतीचं असेल, तर त्या देशाच्या परवानाधारक वकिलालाच विचारा.