दहा वर्षं तोच हेअर डाय, मग ॲलर्जी आत्ताच कशी? घरी केस रंगवण्याआधी हे समजून घ्या

लग्नसराई सुरू झाली किंवा गावी जत्रेला जायचं ठरलं की आदल्या रात्री अनेक घरांत आरशासमोर एक कार्यक्रम हमखास होतो. भांगात, कानशिलावर, मिशीत डोकावणारे पांढरे केस काळे करण्याचा! किराणा दुकानातून पाकीट आणायचं, वाटीत कालवायचं, जुन्या टूथब्रशने लावायचं आणि अर्ध्या तासाने डोकं धुवायचं. झालं काम.

बहुतेकांचं काम खरंच एवढ्यावर भागतं. पण काहींना दुसऱ्या दिवशी कपाळावर आणि कानामागे खाज सुटते. बारीक फोड येतात, त्यातून पाणी येतं. तिसऱ्या दिवशी सकाळी पापण्या इतक्या सुजलेल्या असतात की डोळे उघडत नाहीत. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पण मी हाच डाय दहा वर्षं लावतोय, कधी काही झालं नाही."

इथेच बहुतेकांची समजूत चुकते. हेअर डायची ॲलर्जी बऱ्याचदा अशीच येते, अनेक वर्षं काहीही न होता, एके दिवशी अचानक.

डाय केसात शिरतो कसा?

पक्क्या काळ्या रंगाच्या बहुतेक डायमध्ये पॅरा-फेनिलीनडायामिन नावाचं रसायन असतं. पाकिटावर त्याचं पूर्ण नाव किंवा 'पीपीडी' असं लघुरूप दिसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हे रसायन केस रंगवायला वापरलं जातंय.

डायच्या बॉक्समध्ये साधारण दोन गोष्टी असतात, रंगाची क्रीम आणि डेव्हलपर. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. केसाच्या बाहेरच्या बाजूला माशाच्या खवल्यांसारखं आवरण असतं. क्रीममधला अमोनिया किंवा त्याच्यासारखा पदार्थ हे खवले फुगवून सैल करतो. मग पीपीडीचे छोटे रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे त्यांची एकमेकांशी प्रक्रिया होते आणि मोठे रंगीत रेणू तयार होतात. हे मोठे रेणू सहज बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून शांपू केला तरी रंग जात नाही.

पावडरच्या पाकिटात पेरॉक्साइड सोडणारा पदार्थ आधीच मिसळलेला असतो. त्यामुळे नुसतं पाणी घालून काम होतं. पण आतली प्रक्रिया तीच.

अडचण अशी की जो रेणू केसात शिरण्याइतका छोटा आहे, तो त्वचेतही शिरतो.

पहिल्यांदा नाही, मग अकराव्यांदा का?

त्वचेत शिरलेल्या पीपीडीची शरीराची संरक्षण यंत्रणा नोंद घेते. बहुतेकांच्या बाबतीत ती त्याकडे दुर्लक्ष करते. काहींच्या शरीरात मात्र कधीतरी त्यावर शत्रू म्हणून शिक्का बसतो. हा शिक्का दुसऱ्या वेळी बसेल की विसाव्या, हे सांगता येत नाही. एकदा बसला की पुढच्या प्रत्येक वेळी संरक्षक पेशी त्वचेवर हल्ला चढवतात आणि त्रास सहसा वाढत जातो. ही ॲलर्जी बहुधा आयुष्यभर राहते.

शिवाय ही ॲलर्जी सावकाश येते. डाय लावताना काहीच जाणवत नाही, खरा त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो. त्यामुळे "लावताना तर काही झालं नव्हतं" या वाक्यालाही फारसा अर्थ उरत नाही.

काहींना फोड किंवा सूज न येता कपाळ आणि गाल हळूहळू काळवंडतात. लोक त्याला वांग समजून क्रीम लावत बसतात आणि दर महिन्याला डायही लावत राहतात.

'काळी मेंदी' म्हणजे नैसर्गिक, हे खरं का?

मेंदीच्या पानांतल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. त्याचा रंग केशरी-लालसर येतो. शुद्ध मेंदीने केस काळे होत नाहीत. मेंदीबरोबर निळीच्या पानांची पूड वापरली तर गडद तपकिरी किंवा काळपट छटा येते, पण त्याला काही तास लागतात.

म्हणून जी 'काळी मेंदी' अर्ध्या तासात केस कुळकुळीत काळे करते, तिच्यात बहुतेक वेळा पीपीडीच असतं. पाकिटावर हिरवं पान छापलेलं असलं तरी मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. हातावर काढायच्या झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीतही ते असू शकतं. अशा मेंदीने कधी हातावर फोड आले असतील, तर त्या व्यक्तीने पीपीडीचा डाय लावूच नये.

'अमोनिया फ्री' या शब्दांचाही गोंधळ होतो. अमोनिया नसला की वास कमी येतो, डोळे चुरचुरत नाहीत. पण अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही, असं होत नाही. दोन्ही वेगळे पदार्थ आहेत. काही डायमध्ये पीपीडीऐवजी त्याच्याच कुटुंबातलं टोल्यूइन डायामिन वापरतात. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या अनेकांना त्याचाही त्रास होतो.

दोन दिवस आधीची छोटी परीक्षा

भारतातल्या नियमांनुसार पीपीडी असलेल्या डायवर इंग्रजी आणि स्थानिक भाषेत धोक्याची सूचना छापावी लागते. त्यात दोन गोष्टी असतात. एक, आधी त्वचेवर चाचणी करा. दोन, भुवया आणि पापण्यांना हा डाय लावू नका, अंधत्व येऊ शकतं.

दुसरी सूचना उगाच घाबरवण्यासाठी नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'लॅश ल्यूर' नावाचा पापण्यांचा डाय मिळायचा. त्यात पीपीडीसारखंच रसायन होतं आणि त्यामुळे काही स्त्रियांची दृष्टी गेली. १९३८ मध्ये तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला, त्यामागे अशीही प्रकरणं होती.

पहिली सूचना म्हणजे पॅच टेस्ट. ती अशी करायची:

१. कानामागची किंवा कोपराच्या आतल्या बाजूची थोडी जागा साबणाने धुऊन कोरडी करा.
२. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे डायचा छोटा ठिपका तिथे लावा आणि वाळू द्या.
३. पाकिटावर दिलेल्या वेळेनंतर तो धुवा. पण त्या जागेवर पूर्ण ४८ तास लक्ष ठेवा. त्रास उशिरा येत असल्याने इथे घाई उपयोगाची नाही.
४. खाज, लाली, सूज किंवा फोड आले, तर तो डाय वापरू नका.

ही चाचणी दर वेळी करायची, ब्रँड तोच असला तरीही. मागच्या महिन्यात पास झालेलं शरीर या महिन्यात नापास होऊ शकतं. चाचणी म्हणजे शंभर टक्के हमी नव्हे, पण हातावरचा रुपयाएवढा डाग आणि सुजलेला चेहरा यात फार फरक आहे.

लावताना काय सांभाळायचं?

डोक्यावर जखम, पुरळ किंवा खाजवल्याचे ओरखडे असतील तर काही दिवस थांबा. कपाळाच्या कडेला, कानांवर आणि मानेवर व्हॅसलीन लावा. हातमोजे घाला, कारण डाय लावणाऱ्याच्या हातांनाही ॲलर्जी होते.

भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं घ्या. धातूची पेरॉक्साइडशी प्रक्रिया होऊ शकते. दोन ब्रँडचे डाय एकत्र करू नका. बाथरूमचं दार बंद करून बसण्यापेक्षा खिडकीजवळ बसा. डाय टाळूवर चोळू नका, केसांवर लावा. नुसती मुळं पांढरी दिसत असतील तर दर वेळी सगळे केस रंगवायची गरज नाही.

घड्याळ लावा. जास्त वेळ ठेवला म्हणून रंग जास्त टिकत नाही, त्वचेचा संपर्क मात्र वाढतो. धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. कालवलेला डाय उरला तर टाकून द्या. झाकण घट्ट लावून ठेवला तर आत वायू साठून बाटली फुगू शकते.

मिशी रंगवणाऱ्यांनी जास्त जपायला हवं. तिथली त्वचा नाजूक असते आणि डाय ओठांपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. न वापरलेलं पाकीट मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. पीपीडी पोटात गेलं तर घसा सुजून श्वास अडकू शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. असं झालं तर घरगुती उपाय करत न बसता पाकीट सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा.

आणि डाय उठलाच तर?

लावताना जळजळ झाली तर वेळ पूर्ण व्हायची वाट पाहू नका. लगेच भरपूर पाण्याने आणि सौम्य शांपूने धुऊन टाका. नंतर खाज किंवा फोड आले तर मेडिकलमधून मनानेच मलम आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणं, चक्कर येणं यांपैकी काहीही झालं तर १०८ वर फोन करा.

नक्की कशाची ॲलर्जी आहे हे तज्ज्ञ पॅच टेस्ट करून सांगू शकतात. ते कळलं की पर्याय निवडता येतात. शुद्ध मेंदी, मेंदी आणि नीळ, किंवा पांढरे केस तसेच ठेवणं, हाही पर्यायच आहे.

थोडक्यात काय, तर कार्य शनिवारी असेल तर ठिपका मंगळवारी लावा, शुक्रवारी रात्री थेट डोक्याला डाय नको. मधल्या दोन-तीन दिवसांत त्वचा आपलं उत्तर देते.